मराठी टाईपरायटरची चटक

घरात लॅपटॉप असताना टेबलावर हे लोखंडाचं धूड कशाला ठेवलंयस असं येणारा प्रत्येकजण विचारतो, आणि मी प्रत्येकाला तेच सांगतो, की ह्याच्यावर मराठी अक्षर स्वतःच्या बोटांनी बनवावं लागतं. मोबाईलवर आपण काय करतो, रोमनमधनं स्पेलिंग टाकतो, वरती दोन-तीन शब्द येतात, त्यातला एक दाबतो आणि पुढं. शब्द फोनने लिहिला, आपण फक्त निवडला.

टाईपरायटरवर तसं नाही. 'शिवाजी' लिहायचं तर आधी पहिली वेलांटी मारायची, मग अर्धा श, मग काना देऊन तो पुरा करायचा, तेव्हा कुठं 'शि' उमटतो. म्हणजे एका अक्षराला तीन फटके. ख, ध, भ, ण ह्यांचंही तेच, अर्धं अक्षर आणि त्याला काना. मात्रा, अनुस्वार, उकार मारताना तर कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, जागचं हलतच नाही, ते आधीच्या अक्षराच्या डोक्यावर नाहीतर पायाशी जाऊन बसतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची म्हणजे पुढचं अक्षर कुठलं हे बोट उचलायच्या आधीच डोक्यात पक्कं पाहिजे, आणि हळूहळू ही सवय अक्षरावरनं शब्दावर आणि शब्दावरनं वाक्यावर जाते. वाक्य तयार नसलं तर मी हात लावत नाही, खिडकीतनं बाहेर बघत बसतो. स्क्रीनवर मी वाक्य अर्धवट सुरू करून देतो, बघू पुढं काय सुचतंय म्हणून, आणि मग बॅकस्पेसवरच निम्मा वेळ जातो.

माझं मशीन गोदरेजचं आहे. आपल्या देशात बनलेला पहिला टाईपरायटर गोदरेजनेच १९५५ साली काढला आणि २००९ मध्ये बनवणं थांबवलं, त्यामुळं आता जे काही मिळतं ते जुनंच. माझं एका बंद झालेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधनं आलंय. एके काळी दहावी-बारावी झाली की पोरंपोरी मराठी ३०, इंग्लिश ४० ची (म्हणजे मिनिटाला तेवढे शब्द) परीक्षा द्यायला अशा क्लासात जायची, क्लार्कच्या नोकरीला ते सर्टिफिकेट लागायचंच, आणि ओळीनं मांडलेल्या त्या मशीन एकदम सुरू झाल्या की बाहेर रस्त्यावर आवाज यायचा. माझ्या मशीनच्या काही बटनांवरची अक्षरं पार पुसलीत, कान्याचं बटन तर गुळगुळीत झालंय. किती जणांच्या नोकऱ्यांची वाट त्या एका बटनावरनं गेली असेल!

आणि मशीनच्या दुरुस्तीच्या बाबतीत कोल्हापूरसारखं गाव नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो. कॅरेजचा एक स्क्रू झिजला होता, तसला बाजारात कुठंच मिळेना, तर शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांनी जुना स्क्रू बोटात फिरवून बघितला, आटे मोजले आणि "बस जरा, चहा घे" म्हणत तेवढ्यात नवा काढून दिला. पैसे किती म्हटलं तर म्हणाले, "मशीन चालू झालं की एक कागद टाईप करून आण." नेऊन दिला मी, त्यांच्या वर्कशॉपच्या नावाचाच टाईप करून.

पावसाळ्यात मात्र लक्ष द्यावं लागतं. आपल्याकडं जून-जुलैत हवा अशी काय दमट होते की अक्षरांच्या काड्या जड होतात आणि मारलेलं अक्षर परत खाली बसत नाही. तेव्हा शिलाई मशीनचं तेल, तेही थेंबभर, जास्त घातलं की धूळ चिकटते. ब, व, ष ह्यांच्या पोटात शाई साठते, ती टाचणीनं काढायची आणि जुन्या टूथब्रशनं घासायचं.

कुणाला घ्यायचं असेल तर नुसतं चकचकीत दिसतंय म्हणून घेऊ नका, दुकानातच कागद लावा आणि 'कुंभार', 'शेतकरी', 'पिंपळ' असे शब्द मारून बघा. अनुस्वार बाजूला पडतोय का, उकार अक्षराखाली नीट येतोय का, ते लगेच कळतं. रोलर नखानं दाबून बघा, दगडासारखा कडक लागला तर अक्षर फाटकं उमटतं. आणि मराठी मशीनच घ्या, इंग्लिश ढिगानं मिळतील आणि स्वस्तही मिळतील, पण आपलं लिहायचंय ते मराठीत.