ॲडेनोसीन दोनदा दिलं, ठोके तेवढेच

पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा, १६०० मीटरच्या सरावात छाती धडधडायला लागली म्हणून मित्रांनी कॅज्युअल्टीत आणला. मॉनिटरवर ठोके १९६, बीपी ११०/७०. ईसीजीत ताल नियमित, क्यूआरएस अरुंद, पी वेव्हचा पत्ता नाही. एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून उठलेला अतिवेगवान ताल. आमच्याकडे नेहमीचं.

आधी वलसाल्व्हा, म्हणजे श्वास कोंडून जोर लावायला सांगून ताल मोडायचा उपाय. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद फुंकायला लावायचं, लगेच आडवं करून पाय ४५ अंशांत वर धरायचे. बरेच जण नुसतं 'कुंथा' म्हणतात, पाय उचलतच नाहीत आणि मग लागू पडत नाही म्हणून तक्रार करतात. इथे नीट करूनही ताल तोच. मग ॲडेनोसीन, असा ताल मोडायचं इंजेक्शन. रक्तात ते दहा सेकंदही टिकत नाही. म्हणून कोपराच्या शिरेत १८ नंबरची कॅन्युला, ६ मिग्रॅ झटक्यात आणि पाठोपाठ २० मिली सलाईन. मनगटाच्या बारीक व्हेनमधून दिलं तर वाटेतच संपतं. काही नाही. १२ मिग्रॅ. तरी काही नाही. एरवी या डोसला पेशंट छाती धरतो, जीव चालला म्हणतो. हा छताकडे बघत पडलेला.

सिस्टर शॉकचं मशीन घेऊन आल्या, पण बीपी टिकून होतं, शॉकची घाई नव्हती. दारू, तंबाखू, गोळ्या, सगळ्याला 'नाही' म्हणून झालं होतं.

"पळायच्या आधी काय घेतलंस?"

"प्री-वर्कआउट, सर. दोन स्कूप."

डबा मित्राच्या सॅकमध्येच होता. मागे, भिंग लागेल अशा अक्षरांत: एका स्कूपला केफीन ३०० मिग्रॅ. वर एनर्जी ड्रिंकचा कॅन, ७५ मिग्रॅ. उपाशीपोटी एकूण ६७५. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी सांगितलेली मर्यादा एका वेळी २०० आणि दिवसाला ४०० मिग्रॅ आहे.

ॲडेनोसीन ज्या रिसेप्टरवर बसून एव्ही नोड (ठोक्याचा इशारा हृदयात वरून खाली पोचवणारं नाकं) क्षणभर थांबवतं, नेमके तेच केफीन अडवून धरतं. मग तेच नाकं वेगळ्या वाटेनं मंदावणारं डिल्टियाझेम: किलोला ०.२५ मिग्रॅ, म्हणजे ६८ किलोला १७ मिग्रॅ, दोन मिनिटांत सावकाश. तो ताल मोडला, तरी सायनसचे, म्हणजे हृदयाच्या नेहमीच्या तालाचे, ठोके ११८ राहिले. पोटॅशियम कमी, २.९ आलं. केफीनच्या माऱ्यात ते पेशींत शिरतं, शरीराबाहेर गेलेलं नसतं. आकडा बघून भसाभस ओतलं तर असर उतरताना उलटं चढतं. केफीन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात, म्हणून रात्रभर मॉनिटरवर ठेवला.

केफीननंच हे पेटवलं का, अजून ठरत नाही. ईसीजीत डेल्टा वेव्ह (जादा वाटेची खूण) नाही, पण हृदयातली जादा वाट बहुधा जन्माचीच. रोजच्या दोन-तीन कप चहा-कॉफीनं ताल बिघडतो याला फारसा पुरावा नाही. पण उपाशीपोटी ६७५ मिग्रॅ, त्यात जीव तोडून पळणं आणि खाली गेलेलं पोटॅशियम, हे वेगळंच प्रकरण. आमच्या केसपेपरवर तंबाखू-दारूचे रकाने आहेत, केफीनचा नाही. आणि पावडरीला ही मुलं 'सप्लिमेंट' म्हणतात, त्यामुळे 'औषध घेतलंस का' या प्रश्नात ती येतच नाही.

सकाळी त्यानं विचारलं, "एक स्कूप चालेल ना? ग्राउंड जवळ आलंय." ईपी स्टडी (हृदयातल्या विजेच्या वाटांची तपासणी) होईपर्यंत केफीन शून्य, असं डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून दिलं. जिममधल्या सरांपुढे त्या कार्डाची किंमत किती, हे ठाऊक असूनही.