शनिवारच्या तेवीस क्लिपा

गाडीला पोचा पडलाय हे कळलं ते चार्जर लावताना. टेस्लाचं चार्जिंगचं झाकण मागच्या डाव्या दिव्याला लागूनच असतं. शनिवारी रात्री गॅरेजमध्ये केबल घेऊन वाकलो, तर चाकाच्या वरच्या पत्र्यावर तळहाताएवढा पोचा आणि त्यावर पांढरा ओरखडा. आमची गाडी निळी. म्हणजे तो पांढरा रंग दुसऱ्या कुणाचा तरी.

त्या दिवशी गाडी तीन ठिकाणी उभी होती, तिन्ही कॅलिफोर्नियातच. सकाळी लिव्हरमोरचं शिव-विष्णू मंदिर, दुपारी सनीव्हेलला किराणा, संध्याकाळी इथेच फ्रीमाँटला लायब्ररी. सेंट्री मोड (उभ्या गाडीची तिच्याच कॅमेऱ्यांनी राखण करणारी सोय) तिन्ही ठिकाणी चालू होता, पण फोनवर एकही सूचना नव्हती. त्यात नवल काही नाही. काच फोडण्यासारखं काही झालं तरच गाडी बोंब मारते आणि मालकाला कळवते. बाकी कुणी जवळ आलं, रेंगाळलं, टेकलं, तर ते गुपचूप पेन ड्राइव्हवर लिहून ठेवते.

आधी गाडीतच बसून स्क्रीनवर बघायला घेतलं. वीस मिनिटांत मान अवघडली. मग कॅमेऱ्याचं चिन्ह दाबून धरलं, रेकॉर्डिंग थांबल्याची खात्री केली आणि ग्लव्हबॉक्समधला पेन ड्राइव्ह काढून घरात आलो. (हे दाबून धरणं विसरू नका. मी एकदा तसाच उपटला होता आणि शेवटची फाइल उघडेचना.)

पेन ड्राइव्हवर ‘टेस्लाकॅम’ नावाचं फोल्डर, आत आणखी तीन: रीसेंट, सेव्ह्ड आणि सेंट्री. मी शहाण्यासारखा रीसेंट उघडून बसलो. त्यात फक्त शेवटच्या तासाभराचं असतं, जुन्यावर नवं चढत जातं. माझ्या वाट्याला लायब्ररी ते घर एवढा प्रवास आला, तोही मीच चालवलेला. खरा माल सेंट्रीमध्ये होता. दिवसभरात तेवीस घटना, प्रत्येकीचं वेगळं फोल्डर, नावात तारीख आणि वेळ. प्रत्येकात आधीची साधारण दहा मिनिटं, मिनिटामिनिटाचे तुकडे केलेली. माझ्या २०२१ च्या मॉडेल थ्रीला बाहेर बघणारे कॅमेरे बरेच, पण साठवलं जातं ते चारांचंच: पुढचा, मागचा आणि पुढच्या चाकांवरून मागे बघणारे डावा-उजवा. दहा मिनिटं गुणिले चार. तेवीस घटनांच्या नऊशेवर फाइली झाल्या.

शेजारी आई येऊन बसली. ती साताऱ्याहून चार महिन्यांसाठी आली होती आणि तिसऱ्या महिन्यात करमत नाही म्हणायला लागली होती. उभी नोकरी एसटीच्या डेपोत झालेली, वाहकांची वे-बिलं, म्हणजे तिकिटांचा टप्प्याटप्प्याचा हिशेब, तपासण्यात. तिला म्हटलं, “आई, हे बघत बसायचं काम आहे, कंटाळशील.” ती म्हणाली, “चष्मा आण माझा.”

प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटं चित्र असतं आणि एक बारकी मजकुराची फाइल. तिच्यात घटनेची नेमकी वेळ, गावाचं नाव आणि कारण लिहिलेलं. त्या गावाच्या नावावरून वाटणी केली: लिव्हरमोर पंधरा, सनीव्हेल सात, फ्रीमाँट एक. गर्दी होती मंदिरात, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की ठोकणारा तिथलाच.

पंधरा क्लिपा बघायला दीड तास गेला. या चित्रणाला आवाज नसतो, त्यामुळे सगळे संवाद आईने पुरवले. एक बाई आमच्या काचेत बघून टिकली सरळ करत होती. दोन माणसं आमच्या बोनेटला टेकून प्रसादाचा भात खात होती (“सांडू नका म्हणावं”). एक चार-पाच वर्षांची मुलगी पुढच्या कॅमेऱ्यासमोर स्वतःभोवती गिरक्या घेत होती, चक्कर येऊन बसली आणि उठून पुन्हा सुरू. आईने ती क्लिप दोनदा लावायला सांगितली. मला मात्र मध्येच ओशाळल्यासारखं झालं. यातल्या एकालाही माहीत नव्हतं की फ्रीमाँटमधल्या एका दिवाणखान्यात दोन माणसं शेंगा खात त्यांना बघतायत. नेदरलँड्समध्ये तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने याच कारणासाठी सेंट्री मोडची चौकशी केली होती. ती बातमी वाचताना मला अतीच वाटलं होतं.

सनीव्हेलमध्ये फक्त ढकलगाड्या आणि एक कुत्रा. बारा वाजत आले होते.

उरली लायब्ररीची एकुलती एक. वेळ ६:४१. उघडली, तर एक माणूस आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी वाकलेला. उठला, इकडेतिकडे बघितलं, गेला. गाडीने घटनेची खूण तिथेच केली होती, म्हणून मीही तिथपासूनच पुढे बघत होतो. “बुटाची नाडी बांधत असेल,” मी म्हटलं.

“मागे घे,” आई म्हणाली. “चूक सापडते त्या टप्प्यावर झालेली नसते. आधीच्या टप्प्यावर बघायचं.”

मागे घेतलं. ६:३९ ची फाइल, मागचा कॅमेरा. समोरच्या रांगेतून एक पांढरी एसयूव्ही रिव्हर्समध्ये निघाली, मोठी मोठी होत आली आणि चित्र किंचित हललं. डोळा लवला तर चुकेल एवढंच. ती पुन्हा पुढे जाऊन आपल्या जागेत शिरली. दार उघडलं, तोच माणूस आला, वाकला. अंगठ्याला थुंकी लावून त्याने ओरखडा पुसून बघितला. मग उठून निघाला.

“हात लावून बघितलं आणि गेला,” आई म्हणाली. तिला धडकेपेक्षा त्याचाच राग आला होता.

आता नंबर. मागच्या कॅमेऱ्यात मावळतीचं ऊन थेट पाटीवर, सगळं पांढरंफटक. डाव्या कॅमेऱ्यात तो निघून जाताना क्षणभर दिसत होता. ती फाइल व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्राममध्ये उघडली. त्यात ‘ई’ दाबलं की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं. तीन चौकटींपुरती पाटी सावलीत आली. सातपैकी सहा खुणा लागल्या, तिसरी लागेना: आठ की बी? आईने विचारलं, “इथल्या नंबराची रीत काय?” इथे तेव्हा खाजगी गाडीच्या साध्या पाटीवर आधी एक आकडा, मग तीन अक्षरं, मग तीन आकडे असायचे. “मग तिसऱ्या जागी आठ येईलच कसा?” बी लिहिला.

पुढचं पटापट झालं. उभ्या गाडीला ठोकून चिठ्ठी न ठेवता जाणं हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे, वाहन कायद्याचं कलम २०००२. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, तिचा क्रमांक विमा कंपनीला दिला. नुकसान हजार डॉलरच्या वर असेल तर दहा दिवसांत डीएमव्हीकडे (इथलं मोटार वाहन खातं) एसआर-१ नावाचा फॉर्म भरावा लागतो, दोष कुणाचाही असो. गॅरेजवाल्याचा अंदाज १,९०० चा होता, तेव्हा तोही भरला. विम्याच्या संकेतस्थळावर फाइल चढेना, कारण एका मिनिटाची एक फाइल साधारण तीस एमबीची. म्हणून धडकेचे वीस सेकंद, अंगठ्याचे पंधरा आणि पाटीच्या तीन चौकटी एवढंच कापून पाठवलं. मूळ फाइली लॅपटॉपवर तशाच ठेवल्या. नाव बदललं नाही, कारण नावातच वेळ आहे. विम्याच्या बाईंनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला: “ही वेळ गाडीनेच टाकलीय ना?”

पाच आठवड्यांनी समोरच्याच्या विम्याने मान्य केलं आणि दुरुस्तीत माझ्या खिशातून गेलेले पाचशे डॉलर परत आले. तोवर आईची परतीची तारीख जवळ आली होती. पेन ड्राइव्ह भरत आला होता, म्हणून एका रात्री गाडीत बसून तिथूनच तो फॉरमॅट केला. लॅपटॉपवर लायब्ररीचं फोल्डर ठेवलं, बाकीची बावीस उडवली.

आई बॅग भरत होती. “ती गिरक्या घेणारी पोरगीपण गेली?”

“गेली.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि लोणच्याची रिकामी बरणी टॉवेलमध्ये गुंडाळू लागली.