हिराकसातलं फेरस आणि फेरिक: नोंद 4

जांभळी नाक्यावरून आणलेला हिराकस (फेरस सल्फेट) दोन पावसाळे गॅलरीत अर्धवट झाकलेल्या बरणीत राहिला. ठाण्याच्या दमट हवेनं हिरव्या खड्यांवर तपकिरी थर चढवला. त्यातलं किती लोखंड अजून फेरस (+2) आहे आणि किती फेरिक (+3) झालंय, हे पोटॅशियम परमँगनेटनं मोजायचं, हाच गेल्या दोन महिन्यांचा ध्यास.

परमँगनेट फक्त फेरसशी बोलतं. एक परमँगनेट आयन पाच फेरस आयनांना फेरिक करतो. आधीच फेरिक झालेलं लोखंड त्याला दिसतच नाही. म्हणून टायट्रेशन (रंग बदलेपर्यंत मोजून-मापून द्रावण सोडणं) दोनदा: एकदा नमुना आहे तसा, दुसऱ्यांदा जस्तानं सगळं लोखंड फेरसवर आणून. दोन्हींतला फरक म्हणजे फेरिक.

मागच्या नोंदीतले आकडे कृपया विसरा. तेव्हा हिराकस साध्या पाण्यात विरघळवला आणि खाली बसलेला तपकिरी गाळ गाळून टाकला. जे मोजायचं होतं तेच गाळणीवर राहिलं. त्यानंतर हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरलं. गाळ विरघळला, पण लोखंडाच्या संगतीनं परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं, त्यामुळे वाचन वर सरकत राहिलं. यावर झिमरमन-राइनहार्ट द्रावणाचा (मँगनीज सल्फेट, फॉस्फोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिड) उतारा आहे. मी सरळ सौम्य सल्फ्युरिक ॲसिडवर आलो. जरा कोमट केलं की थर पूर्ण विरघळतो. जास्त वेळ तापवू नका, हवेनं फेरस कमी होतं.

यावेळी 2.78 ग्रॅम हिराकस 100 मिलीत. प्रत्येक वेळी 10 मिली पिपेटनं, वर थोडं फॉस्फोरिक ॲसिड. फेरिकचा पिवळेपणा त्यानं जातो आणि शेवटची फिकट गुलाबी छटा स्वच्छ दिसते. ती 30 सेकंद टिकली की थांबायचं. परमँगनेट इतकं गडद की ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या तोटीच्या नळीत) द्रावणाच्या पृष्ठभागाच्या वक्राचा तळ दिसत नाही, म्हणून वरची कड वाचतो.

थेट: 8.1, 8.1, 8.2 मिली.
जस्तानंतर: 10.0, 9.9, 10.0 मिली.

जस्ताच्या पायरीला खरा वेळ जातो. खडे टाकून कोमट ठेवायचं, पिवळेपणा गेला की एक थेंब थायोसायनेटवर टाकून बघायचा. लाल झाला तर अजून फेरिक शिल्लक. हायड्रोजन निघतो, म्हणून खिडकी उघडी आणि जवळपास ज्योत नको. मग काचेच्या लोकरीतून गाळून सौम्य ॲसिडनं धुवायचं, कारण जस्ताचा एक कण जरी सोबत आला तरी तो फेरिकला पुन्हा फेरस करत बसतो. जस्तात स्वतःचं लोखंड असू शकतं, म्हणून नुसत्या जस्त-ॲसिडचंही टायट्रेशन केलं: पहिल्याच थेंबाला गुलाबी.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. तोलून घेतलेल्या शुद्ध सोडियम ऑक्झॅलेटवर तपासलं तेव्हा माझं परमँगनेट 0.02 नव्हे, 0.0196 मोलर (लिटरमागे मोल) निघालं. मिलिग्रॅममध्ये लोखंड हवं असेल तर हा आकडा लागतोच: 1 मिलीला 5.47 मिलिग्रॅम. पण फेरिकचा *वाटा* काढताना तो वर-खाली दोन्हीकडे येऊन कटतो. सरासरीतला फरक 1.84, भागिले 9.97, म्हणजे सुमारे 18 टक्के. ज्यांच्याकडे ऑक्झॅलेट किंवा चांगला तराजू नाही त्यांनीही हे करून बघावं. एकच द्रावण, एकच बाटली आणि नीट वाचलेली ब्युरेट पुरते. मात्र फरक लहान असल्यानं वाचनातली चूक त्यात मोठी होऊन येते. 18 म्हणताना मी एक टक्का इकडे-तिकडे धरतो.

काल एक मोठा खडा फोडून आतला हिरवा गाभा तेवढाच तोलून घेतला. थेट 10.1, जस्तानंतर 10.15. फरक एका थेंबाचा. म्हणजे दोन पावसाळ्यांची हवा वरच्या थरातच अडकली.

आता तीन बाटल्या ठेवल्यात: एक घट्ट बंद, एक उघडी, आणि एकीत आम्लयुक्त द्रावणात स्वच्छ लोखंडी खिळा, जो फेरिकला पुन्हा फेरस करतो. दर महिन्याला मोजणार.