गोगलगाय चुकीच्या आठवड्यात आली

मंगळवारी पाऊस पडून गेल्यावर शाळेच्या फाटकाशी लेकीला गोगलगाय सापडली. साडेतीन वर्षांची पोर, तळहातावर धरून वर्गात घेऊन गेली. संध्याकाळी आणायला गेले तर तोंड एवढंसं. बाई हसून म्हणाल्या, "गोड होती हो! पण बग्ज आपण एप्रिलमध्ये घेतो. हा आठवडा सफरचंदाचा." गोगलगाय कुंपणापलीकडे सोडून दिली होती. ती मुळात किडा नव्हेच, हा मुद्दा मी गिळला आणि 'थँक्यू' म्हणून निघाले.

न्यू जर्सीतल्या आमच्या फ्रिजवर शाळेच्या थीमचं, म्हणजे कुठल्या आठवड्यात कुठला विषय याचं, महिन्याचं वेळापत्रक लटकत असतं. आधी सफरचंद, मग भोपळा, जानेवारीत बर्फ.

तशी सफरचंदाची मजा मलाही आली होती. लाल, हिरवं, पिवळं चाखून आपल्या आवडीचं तक्त्यावर चिकटवायचं, मग कुठली रांग लांब ते मोजायचं. आडवं कापलं की आत चांदणी! घरी फक्त मराठी ऐकणाऱ्या पोरीला तेच शब्द गाण्यात, गोष्टीत, रंगकामात पुन्हा पुन्हा भेटले. शुक्रवारपर्यंत साल, देठ, बी, सगळं इंग्रजीत म्हणायला लागली. नुसत्या चित्रांच्या पुस्तकाने हे झालं नसतं.

पण गोगलगाय काही डोक्यातून जाईना. इथून हडसन ओलांडली की कोलंबिया विद्यापीठ. तिथलेच शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये 'प्रोजेक्ट मेथड' मांडली, आणि तिचा जीव होता मुलाने मनापासून हाती घेतलेल्या कामात. आपल्याकडे गुजरातेत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, तेही मुलाच्या मागे मागे जाणारं. आणि इथे? मुलाने वेळापत्रकाच्या मागे जायचं. पुढच्या सोमवारी फळा साफ, सफरचंद संपलं, कुणाचं कुतूहल उरलं असेल तर ते त्याने घरी न्यावं.

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बालवाडीत थीम हा शब्द कुणी ऐकला नव्हता, पण जानेवारी लागला की वर्ग पतंगाचा. बाईंच्या बोटालाच मांज्याचे काप. आम्ही मोजायला शिकलो ते कापलेल्या पतंगांवर, आणि फिरकी कुणी धरायची यावरून भांडायलाही. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, सरल्यावरही खिडकीबाहेर बघत बसलं की पाठीत धपाटा मिळायचा, हे मात्र मी इथल्या मैत्रिणींना सांगत नाही. आणि बडोद्यात भाची जाते त्या प्लेस्कूलमध्येही आता 'येलो डे' असतो. पिवळा फ्रॉक नसला तर वहिनीची आदल्या रात्री धावपळ.

फोनवर आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "मग गोगलगायीला सांग की, एप्रिलात ये म्हणून." पुढे म्हणाली, "तू तरी काय बोललीस त्यांना?"

काय बोलणार? सकाळी साडेसातपासून पोर सांभाळतात, प्रेमाने सांभाळतात. माझी नोकरी त्यावर चालते.

या आठवड्यात भोपळा आहे. लेकीने तिच्या भोपळ्याला वर दोन लांब शिंगं काढली आहेत. बाईंना ती मांजर वाटली. शाबासकीचा स्टिकर मिळालाय.