चौथा चरण

"फादर, प्रवचनं सोडून हे ओव्यांचं खूळ कुठून?" लग्नाला जा, मयताला जा, वसईत कुणीतरी हे विचारतंच. फादर दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हापासून इथल्या लोकांना वाटतं की प्रत्येक फादरच्या कपाटात एखादं पुस्तक दडलेलं असणार. माझ्या कपाटात झगे होते आणि गोळ्या.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

पंच्याहत्तरी पूर्ण झाली की धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, प्रमुखानं बिशपांकडे राजीनामा द्यायचा, असा चर्चचा कायदा आहे. दिला. निवृत्त धर्मगुरूंच्या घरात खोली मिळाली. पहाटे 5 ला जाग यायची ती यायचीच, पण दाखल्यावर सही मागायला कुणी नाही, नवराबायकोचं भांडण घेऊन कुणी नाही. नेमानं फोन यायचा तो बायचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. सख्खी असून ती मला फादरच म्हणते.

एका रविवारी बोलता बोलता ती आईची जात्यावरची ओवी गुणगुणली:

घंटा वाजली देवळात,
दाणं घातिलं जात्यात,
लेक निजला पाळण्यात,

आणि थांबली. चौथा चरण तिला आठवेना. मला तर पहिले तीनही नवे. पाळण्यातला तो लेक मी, एवढाच माझा संबंध. लहानपणी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सेवा करताना 'एत कुम स्पिरितू तुओ' अर्थ न कळता घडाघडा म्हणायचो, ते लॅटिन अजून तोंडपाठ आहे. घरचं जातं मात्र कानावरून गेलं.

मी लगेच जोड दिली, "देव जागा आहे."

बाय म्हणाली, "फादर, हे प्रवचन झालं."

लागलं मला ते. दुसऱ्या दिवशी 'ख्रिस्तपुराण' मागवलं. सेमिनरीत त्याचं नाव परीक्षेपुरतं पाठ केलेलं. ते लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स जन्मानं इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांच्या अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या 1616 मध्ये राशोलला रोमन लिपीत छापल्या गेल्या. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, हे वाचून मला जरा धीर आला, खोटं कशाला सांगू.

ओवीचे पहिले तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. प्रवचनकाराचा हात नेमका तिथंच शिवशिवतो. मुद्दा सांगून झाला की तोच पुन्हा सांगायचा, ही आमची खोड. समोरचे बिचारे मिस्सा अर्धी टाकून उठू शकत नाहीत. वही पुढ्यात घेतल्यावर कळलं की मला शेवट करताच येत नाही, मला फक्त समारोप येतो.

बावखलावर केलेली ही ओवी बघा. आमच्याकडं वाडीला पाणी देणारी ही गोड्या पाण्याची तळी, त्यातली किती बुजवली गेली:

बावखलात पडला भराव,
बेडूक विचारी, कुठला गाव?
बिल्डर सांगे नवंच नाव,
रहाट गप्प.

मी आधी 'रहाट बिचारा रडे' लिहिलं होतं. बाय म्हणाली, "लाकूड कधी रडतं?" ती शाळेत चौथीपर्यंत गेली. आठ ओव्या वाचून दाखवल्या तर त्यातली एक ठेवते आणि उरलेल्या सातांवर "बरं" म्हणते. तिचं ते "बरं" मी ओळखतो. कुणाच्या घरी आम्ही जेवायला गेलो की गृहिणीनं केलेल्या खारट कालवणाला मी तसंच म्हणायचो.

आईच्या ओवीचा चौथा चरण मात्र अडूनच राहिला. 'येशू राखण करी' झालं, 'माय गाते गाणं' झालं. सगळ्यांना "बरं". परवाच्या रविवारी मी फोनवर म्हटलं, "पीठ अजून जाडं."

बाय बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई जाडंच दळायची," आणि फोन ठेवला.