बजीची वाटी आणि खोलीतला उजेड

माझ्या बजीला (बजरीगार, छोटा पाळीव पोपट) बियांवरून पेलेटवर, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार केलेल्या खाद्याच्या तुकड्यांवर, आणायला सात आठवडे लागले. त्यातले पहिले चार मी उजेडापायी वाया घालवले, असं आता वाटतं.

नुसत्या बियांत चरबी जास्त आणि 'अ' जीवनसत्त्व जवळजवळ नाही, म्हणून पशुवैद्यांनी खाणं बदलायला सांगितलं होतं. पिंजरा आतल्या कोपऱ्यात होता. संध्याकाळी मी पांढरा एलईडी दिवा लावून पेलेट द्यायचे. ती वाटीत डोकवायची, एखादा तुकडा चोचीत धरून टाकून द्यायची. हिरवे, लाल, पिवळे, सगळे रंग देऊन झाले. काही उपयोग झाला नाही.

मग पक्ष्यांच्या डोळ्यांविषयी वाचायला घेतलं. आपल्याकडे रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, बजीकडे चार. चौथी 370 नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश टिपते आणि एलईडीत तो नसल्यातच जमा. त्यात उजेड मंद झाला की पक्ष्यांना रंगांतला फरक कळेनासा होतो, तोही आपल्या आधी. मला लाल दिसणारा तुकडा तिला कसा दिसत असेल, याचा मी विचारच केला नव्हता.

पिंजरा खिडकीशी आणला. काच सगळं अतिनील अडवते हा माझा समज चुकीचा निघाला. साधी काच मुख्यतः यूव्हीबी, म्हणजे कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश, रोखते, 370 च्या जवळचा बराचसा प्रकाश आत येतो. आता सकाळी, ती भुकेली असताना, दोन सारख्या वाट्या ठेवू लागले, एकीत बिया, एकीत पेलेट. डावीकडेच जायची तिची सवय होती म्हणून जागा रोज बदलायचे. तिसऱ्या दिवशी तिने पेलेट कुरतडलं. मला इतका आनंद झाला की श्वास रोखून बघत राहिले.

पण हे भुकेमुळे की उजेडामुळे? चार सकाळी पडदा ओढून फक्त दिवा ठेवला: ती बियांपाशीच बसली. पडदा उघडला, पुन्हा पेलेट. एका पक्ष्यावरून नियम काढणार नाही, पण माझी शंका फिटली.

या काळात रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर तिचं वजन केलं आणि ती पेलेट नीट खाऊ लागेपर्यंत बिया पूर्ण बंद केल्या नाहीत. हे कुणीही टाळू नये, एवढासा जीव उपाशी राहिला तर फार लवकर खचतो.

आता ती दिव्याखालीही पेलेट खाते, ओळख झाली आहे. नवीन काही द्यायचं असेल तर मात्र मी सकाळची वाट बघते.