आमची वाटचाल : दारात नेऊन पास केलेला फोटो

पहिला प्रिंटर घरातल्या पुढच्या खोलीत आला तेव्हा कामं यायची ती पासपोर्ट फोटोंची आणि शाळेच्या प्रोजेक्टची. रंगावरून कुणी बोललं नाही. दुसऱ्या वर्षी चादरीच्या एका व्यापाऱ्यांनी चाळीस नमुन्यांचे फोटो छापून मागितले, परगावच्या गिऱ्हाइकांना पाठवायला. स्क्रीनवर मरून रंग अगदी चादरीसारखा दिसत होता. कागदावर तो विटकरी उतरला आणि फोटोही काळवंडला. "ही माझी चादर नव्हे," म्हणून त्यांनी चाळीसच्या चाळीस फोटो परत केले.

मी फोटो उजळ करून पुन्हा छापले. मरून थोडा सुधारला, तर पांढरे काठ उडून गेले. कागदाची तीन पाकिटं संपली. आप्पा शेजारी बसून बघत होते. त्यांची सगळी नोकरी यंत्रमाग कारखान्याच्या रंगखात्यात गेलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या उजेडात बघायलीस गं?" आणि फोटो व चादर दोन्ही घेऊन दारात गेले. ट्यूबखाली त्यातल्या त्यात जवळ वाटणारे दोन रंग उन्हात पार वेगळे दिसले. रंगखात्यात शेड दारात नेल्याशिवाय पास करत नसत, कारण दोन वेगळ्या रंगद्रव्यांच्या शेड एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. आमच्या धंद्याची खरी सुरुवात मी त्या दुपारपासून धरते.

मग एकेक गोष्ट शिकत गेले. नवा मॉनिटर येतो तोच डोळे दिपतील एवढा उजळ. कागदाला स्वतःचा उजेड नाही, खोलीतला उजेड तो परत देतो. म्हणून झगझगीत स्क्रीन बघून ठरवलेला फोटो छापल्यावर काळा पडतो. पहिल्या शिलकीतून कलरीमीटर घेतला, स्क्रीनच्या काचेवर टेकवून रंग मोजणारं छोटं यंत्र. मॉनिटर ६५०० केल्विन (केल्विन म्हणजे उजेड पिवळट की निळसर ते सांगणारं माप), गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात तो आकडा, २.२ आणि उजेड चौरस मीटरला १०० कॅन्डेलाच्या आसपास आणला. पिस्ता रंगाची भिंत राखाडी करून घेतली, कारण भिंतीचा रंग डोळ्याला फसवतो. फोटो तपासायच्या टेबलावर ५००० केल्विनचा दिवा लावला.

तरीही चेहरे गुलाबी यायचे. ते कोडं सुटायला दोन महिने लागले. फोटोचं सॉफ्टवेअर रंग सांभाळत होतं आणि प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातून प्रिंटर चालवणारा प्रोग्रामही. एकाच आमटीत दोघींनी मीठ घालावं तसं. ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती बंद केली, सॉफ्टवेअरमध्ये त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल निवडलं, आणि चेहरे माणसांसारखे आले. घरी छापणाऱ्या कुणीही आधी हेच तपासावं. प्रोफाइल म्हणजे अमुक प्रिंटर, अमुक शाई आणि अमुक कागद यांच्या जोडीचा हिशेब. त्यातलं एक बदललं की हिशेब चुकतो. मी स्वस्तातली रिफिल शाई भरून जुनंच प्रोफाइल वापरलं होतं, तेव्हा राखाडीत हिरवट झाक आली. ती शाई आम्ही कायमची सोडली. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकारही खरा सांगावा लागतो, कारण शाई किती सोडायची ते त्यावर ठरतं.

सोलापूरचा उन्हाळा प्रिंटरला सोसत नाही. पारा चाळिशीच्या वर गेला की शाई हेडमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागात, सुकते आणि एखादा रंग गुपचूप गायब होतो. म्हणून रोज सकाळी आधी नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते बघणारी चाचणी छपाई, मग काम. छापलेला फोटो लगेच तपासायचा नाही. रात्रभर सुकू द्यायचा, रंग स्थिरावतो.

सगळ्यात अवघड पांढरा. संक्रांतीच्या गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे, सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो आले की अंगातल्या पांढऱ्या बाराबंद्या (बंदांचे अंगरखे) बघून मी सावध होते. प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, पांढरा म्हणजे कोरा कागदच. बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते निळसर उजळतं. त्या फोटोंना आम्ही असं रसायन नसलेला, किंचित पिवळसर कागद वापरतो. तो महाग पडतो, पण बाराबंदी सुती दिसते.

काही रंग कागदावर येतच नाहीत. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी शाईच्या आवाक्याबाहेरचा आहे; जरीची चमक तर शाईत नाहीच. सॉफ्ट प्रूफ, म्हणजे कागदावर रंग कसे उतरतील त्याचा स्क्रीनवरचा अंदाज, दाखवून हे आम्ही ऑर्डर घ्यायच्या आधीच सांगतो. तेवढ्यावरून एखादं गिऱ्हाईक उठून जातं, जाऊ दे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढी विनंती मात्र सगळ्यांना असते.

ते चादरवाले व्यापारी दीड वर्षाने परत आले. आता ते प्रत्येक फोटोबरोबर त्याच लॉटची वीतभर पट्टी पाठवतात. या खेपेला मरूनच्याच सात शेड आहेत. पाच जुळल्या. उरलेल्या दोन काल रात्री पुन्हा छापून सुकत ठेवल्यात. दारात ऊन आलं की आप्पा बघतील.